निकालाची वाट आणि नगराचे काम

ग्रीक तत्त्वज्ञानाला सध्या बरे दिवस आले आहेत. मार्कस ऑरीलियस आणि एपिक्टेटस यांची वचने सकाळच्या शुभेच्छांबरोबर फोनवर येऊन पडतात. पुस्तकांच्या दुकानांत मनःशांतीच्या कप्प्यात स्टोइक विचारवंतांना कायमची जागा मिळाली आहे आणि त्यांच्या साऱ्या शिकवणुकीचे सार एका वाक्यात उरकले जाते: जे आपल्या हातात नाही, ते सोडून द्या. साहेबाचा राग, परीक्षेचा निकाल, शेजाऱ्याची नवी गाडी अशा किरकोळ दुखण्यांवर हा उतारा चालूनही जातो. पण विचाराची पारख किरकोळ दुखण्यावर होत नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माणसांच्या तीन पिढ्या महाराष्ट्र की कर्नाटक या एका अशा प्रश्नासह जगत आल्या आहेत, ज्याचा निर्णय त्यांच्या हातात एक दिवसही नव्हता. त्यांना जाऊन सांगावे काय, की हातात नाही ते सोडा? तसे सांगणारा माणूस तत्त्वज्ञ ठरणार नाही, उद्धट ठरेल. आणि मुख्य म्हणजे तो ग्रीकांचा निरोप चुकीचा पोहोचवत असेल. सीमाभागाला ग्रीकांकडून घेण्यासारखे खरोखर काही असेल, तर ती मनःशांती नव्हे. निकाल कोणाच्या हातात आहे आणि काम कोणाच्या हातात आहे याचा चोख हिशेब मांडण्याची ती शिस्त आहे. गेल्या काही दशकांत आपण सगळी ताकद पहिल्या रकान्यात ओतली आणि दुसरा रकाना मोकळा सोडला, असे माझे म्हणणे आहे.

हातात नसलेल्या गोष्टींची यादी आधी प्रामाणिकपणे करू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि चंदगड तालुका वगळता मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या 17 जानेवारीच्या गोळीबाराचे रक्त तेव्हा वाळलेही नव्हते; तो दिवस सीमाभाग आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार कसोट्यांवर सीमा आखावी, ही मागणी तेव्हापासूनची. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या अहवालात त्याने निपाणी, खानापूर आणि नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत, 247 गावे कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव आहे तिथेच ठेवावे, असे सांगितले. बेळगावशिवाय महाराष्ट्राला तो अहवाल मान्य होणे शक्य नव्हते, त्यामुळे आयोगाने देऊ केलेली निपाणीही कर्नाटकातच राहिली. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. वीस वर्षे उलटून गेली तरी तो प्रलंबित आहे. डिसेंबर 2022 मध्ये तर एक विलक्षण गोष्ट घडली. 22 तारखेला कर्नाटकाच्या विधानसभेने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव एकमताने केला आणि 27 तारखेला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 865 गावांची इंच न इंच जमीन घेणार असा ठराव एकमताने केला. पाच दिवसांच्या अंतराने झालेली ही दोन एकमते परस्परांच्या अगदी उलट होती आणि दोहोंनी एकही गाव जागचे हलले नाही. ज्याच्या नावाने हे चालले होते त्या सीमावासीयाला मुंबईत मत नाही आणि बंगळूरच्या 224 जणांच्या सभागृहात त्याचे मत चिमूटभर आहे. निकाल त्याच्या हाताबाहेर आहे हे सांगायला तत्त्वज्ञाची गरज नाही.

अशा परिस्थितीला मराठी वाचकाने ग्रीक शोकांतिकेच्या वळणाचे एक नाव दिलेले आहे: नियती. ते नाव या मातीत रुजवणारा लेखकही इथलाच. एकसंब्याशी नाते असलेले, बेळगावात शिकलेले आणि धारवाडच्या महाविद्यालयात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले जी. ए. कुलकर्णी ग्रीक शोकांतिकेचे संस्कार मराठी कथेत घेऊन आले. 'पिंगळावेळ'मधल्या एका कथेचे नावच 'ऑर्फियस' आहे. माणूस कितीही धडपडला तरी कुठल्या तरी अज्ञात हाताने आखलेल्या रेषेवरच तो जाऊन पडतो, ही त्यांच्या कथांतली जाणीव अनेकांना खोलवर पटली. सीमाप्रश्नही आपण हळूहळू याच सुरात सांगू लागलो: दिल्ली ऐकत नाही, मुंबई विसरते, बंगळूर छळते, आणि आपण भोगतो. साहित्यात हा सूर मोठा असेल. नागरिकाच्या तोंडी तो घातक ठरतो. अथेन्समध्ये शोकांतिका रंगभूमीवर होत होत्या त्याच नगरात, त्याच काळात सॉक्रेटिस बाजारात उभा राहून लोकांना विचारत होता, की यातले नियतीचे किती आणि तुझ्या आळसाचे किती? तत्त्वज्ञानाची ती शाखा पुढे स्टोइकांनी वाढवली. एपिक्टेटस हा त्यांच्यातला सर्वांत कठोर शिक्षक. तो गुलाम म्हणून वाढला, पायाने अधू होता, आणि मुक्त झाल्यावर सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकलले तेव्हा त्यालाही शहर सोडावे लागले. त्याने स्वतः काही लिहिले नाही. त्याची व्याख्याने टिपून ठेवणारा शिष्य ॲरियन. भारताविषयी 'इंडिका' लिहिणारा तो हाच.

काही गोष्टी आपल्या स्वाधीन असतात आणि काही नसतात, या एपिक्टेटसच्या प्रसिद्ध विधानापाशी बहुतेक वाचक थांबतात. त्याचे पुढचे म्हणणे कोणी फोनवर पाठवत नाही. तो सांगतो, की तू कोण आहेस ते आधी तपास. तू माणूस आहेस, मग नागरिक आहेस, मुलगा आहेस, भाऊ आहेस, आणि नगराच्या सभेत बसत असशील तर सभासद आहेस. या प्रत्येक नात्याबरोबर एक काम येते आणि ते काम मात्र पूर्णपणे तुझ्या स्वाधीन आहे. एका ठिकाणी तो अगदी आपल्या ओळखीचा आक्षेप घेतो. सत्ता नाही, पैसा नाही, तर माझ्या नगराला माझा काय उपयोग, असे कोणी तरी त्याला विचारते. त्याचे उत्तर असे, की नगराला तुझ्याकडून स्नानगृहे आणि ओसऱ्या मिळणार नाहीत हे खरे, पण लोहाराकडून तरी जोडे कुठे मिळतात? ज्याने त्याने आपले काम पुरे केले म्हणजे झाले; तू नगराला एक विश्वासू, स्वाभिमानी नागरिक दिलास तर ते कमी आहे काय? हा उपदेश सोडून देण्याचा नाही. जे हातात आहे त्याबद्दल कोणतीही सबब चालणार नाही, असे बजावणारा तो आहे. 'न्यायालयात आहे', 'दिल्लीत आहे', 'पुढाऱ्यांच्या हातात आहे' ही उत्तरे निकालाबद्दल खरी असतील. पालिकेची सभा, मुलांची शाळा आणि उताऱ्यासाठीचा अर्ज यांच्याबद्दल ती खरी नाहीत.

आता दुसऱ्या रकान्याकडे वळू. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार हे एके काळी सीमाभागाचे ठरलेले चित्र होते. 2008 च्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. 2013 मध्ये दोघे आले, 2018 मध्ये पुन्हा कोणी नाही, 2023 मध्येही नाही. बेळगाव महापालिका दीर्घकाळ मराठी नेतृत्वाकडे होती. 2005 मध्ये तिने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने ती बरखास्त केली. 2021 मध्ये पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली तेव्हा 58 पैकी 35 जागा भाजपने घेतल्या. या आकड्यांवरून मराठी माणूस प्रश्न विसरला असा अर्थ काढणे घाईचे होईल. राष्ट्रीय पक्षांची साधने, पैसा, हिंदुत्वाची लाट, मतदारसंघांची फेररचना आणि समितीतली फाटाफूट ही सगळी कारणे आहेत. राष्ट्रीय पक्षांच्या तिकिटावर मराठी माणसे निवडूनही येतात. पण एक कारण आपल्याला स्वतःपासून लपवता येणार नाही. मतदाराला पाणी, गटार, रस्ता, दवाखाना, मुलांची नोकरी याबद्दल बोलायचे होते आणि त्याच्याशी आपण दर पाच वर्षांनी फक्त सीमेबद्दल बोलत राहिलो. ज्या सभागृहाला सीमा बदलण्याचा अधिकार नाही तिथे सीमेचा ठराव करायचा आणि ज्या गोष्टींचा अधिकार आहे त्या दुय्यम मानायच्या, हा हिशेब उलटा होता. ठराव करणे चूक नव्हते. लोकनियुक्त सभेला लोकेच्छा सांगण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तिला बरखास्त करणे लोकशाहीला शोभणारे नव्हते. चूक ही, की ठरावानंतरच्या वर्षांसाठी दुसरे काहीच तयार नव्हते. शाळांचे तसेच. 1986 मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध ज्या पिढीने लाठ्या खाल्ल्या, गोळ्या झेलल्या, त्याच पिढीतल्या अनेकांनी पुढे आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. तो त्यांचा अधिकार आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही माध्यम निवडण्याचे पालकांचे स्वातंत्र्य मान्य केले. पण मराठी शाळेचा पट घसरला तर त्याचे सगळे खापर बंगळूरवर फोडता येत नाही.

यावर स्टोइक पंथाच्या संस्थापकाची एक हकिकत विचार करण्याजोगी आहे. झीनो हा सायप्रस बेटावरच्या सिटियम गावचा. तो अथेन्सला आला, तिथेच राहिला, बाजारपेठेतल्या एका चित्रांकित ओसरीत शिकवू लागला आणि अथेन्सवासीयांच्या आदराला पात्र झाला. चरित्रकार सांगतात, की नगरातल्या स्नानगृहाच्या दुरुस्तीला ज्यांनी हातभार लावला त्यांत तोही होता. देणगीदारांच्या स्तंभावर त्याचे नाव नुसते 'झीनो, तत्त्वज्ञ' असे कोरले जाऊ लागले तेव्हा त्याने त्यापुढे 'सिटियमचा' हा शब्द जोडायला लावला. पदरमोड अथेन्सच्या स्नानगृहासाठी आणि नाव सिटियमचे. या दोन गोष्टींत त्याला विरोध दिसला नाही, आणि ज्यांच्या नगरात तो राहत होता त्यांनाही दिसला नाही. सीमाभागातल्या चर्चेत मात्र आपण हा विरोध गृहीत धरून चालतो. बेळगावच्या पाणीयोजनेत, उद्यानात, बसस्थानकात, बाजारपेठेत मनापासून लक्ष घातले तर आपण कर्नाटकात राहण्याला संमती दिली असे होईल, ही भीती एका बाजूला. आणि मराठी पाटी लावणारा माणूस या राज्याचा असूच शकत नाही, हा संशय दुसऱ्या बाजूला. झीनोने दोघांनाही खोटे पाडले आहे. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, की ग्रीक तत्त्वज्ञानातले मोठे आवाज पुष्कळदा परक्यांचेच होते. नागरिकत्वावर जगातला सर्वांत प्रभावी ग्रंथ लिहिणारा ॲरिस्टॉटल अथेन्सचा नागरिक नव्हता; स्टगायराहून आलेला तो रहिवासी होता, त्याला सभेत मत नव्हते आणि इ. स. पूर्व 323 मध्ये वारे फिरल्यावर त्याला शहर सोडून जावे लागले. डायोजिनीस सिनोपीतून हद्दपार झालेला. नगर कशासाठी असते हा प्रश्न ज्यांना सहज प्रवेश मिळाला त्यांच्यापेक्षा दारात उभे राहिलेल्यांना जास्त सुचतो. त्या अर्थाने सीमावासीय हा या तत्त्वज्ञानाचा हक्काचा वाचक आहे.

ॲरिस्टॉटलने नगराच्या एकोप्याची जी व्याख्या केली ती सीमाभागासाठीच लिहिल्यासारखी वाटते. सगळ्यांची सगळ्या गोष्टींबद्दल मते जुळणे म्हणजे एकोपा, असे तो मानत नाही; आकाशातल्या ग्रहांबद्दल दोघांचे एकमत झाले म्हणून त्यांना कोणी एकोप्याने राहणारे म्हणत नाही. आपले सामायिक हित कशात आहे हे नागरिकांना पटले, त्यावर त्यांनी मिळून ठरवले आणि ठरवले ते केले, म्हणजे नगरात एकोपा आहे. या व्याख्येचा फायदा असा, की सीमा कुठे असावी यावर मराठी आणि कन्नड माणसाचे एकमत होईपर्यंत थांबायची गरज उरत नाही. ते कदाचित कधीच होणार नाही. या गावाच्या इतिहासातच दोन्ही धागे आहेत. डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाच्या निमित्ताने कर्नाटक एकीकरण परिषद बेळगावात भरली आणि 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही बेळगावातच. एकाच शहराने दोन भाषांच्या राज्यांची स्वप्ने बावीस वर्षांच्या अंतराने पाहिली. त्यातले कोणते खोटे होते हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. एकमत होत नाही तिथेही एकोपा होतो याचा पुरावा मात्र निपाणीने दिलेला आहे. मार्च आणि एप्रिल 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर वस्ती केली. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. ज्या पट्ट्यात सीमा हाच एकमेव विषय समजला जातो तिथे लोक तंबाखूच्या भावासाठी एकत्र आले. घरी कोणती भाषा बोलतोस हे कोणी कोणाला विचारले नाही. त्याआधीपासून वखारींत धुरळा खात तंबाखू कुटणाऱ्या निपाणीच्या बायका संघटित होत होत्या. 'युगांतर' या गटाने 1982 मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. या दोन्ही लढ्यांत सीमेबद्दलचे मत कोणी बदलले नाही. पण सामायिक हिताबद्दल ठरवले आणि केले.

यावर पहिला आक्षेप तयारच असेल: हा शहाणपणा सत्तेच्या सोयीचा आहे. आपापले काम करा, नगराकडे लक्ष द्या, निकालाचे काय ते न्यायालय बघेल, असे सांगणे म्हणजे आंदोलनाची हवा काढून घेणेच नाही काय? स्टोइकांचा इतिहास हे मान्य करत नाही. एपिक्टेटस ज्याचा आदर्श सांगतो तो हेल्व्हिडियस प्रिस्कस रोमच्या सेनेटचा सभासद होता. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सभेला येऊ नकोस असा निरोप धाडला. मला सभासद ठेवायचे की नाही हे तुमच्या हातात आहे, पण सभासद असेतो येणे हे माझे काम, असे त्याने कळवले. ये पण गप्प राहा, या सूचनेवर त्याने सांगितले, की मला मत विचारू नका म्हणजे बोलणार नाही; विचारलेत तर योग्य वाटेल तेच बोलेन. जीव घेण्याची धमकीही त्याला हलवू शकली नाही आणि पुढे खरोखरच त्याला ठार करण्यात आले. हा माणूस निष्क्रिय होता असे कोण म्हणेल? पण त्याने विरोध केला तो सभागृहाच्या आत उभा राहून, आपल्या पदाचे काम तंतोतंत करत. सॉक्रेटिसचेही तसेच. इ. स. पूर्व 406 मध्ये सेनापतींवर बेकायदा खटला चालवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा सभेच्या कामकाजाची जबाबदारी असलेल्यांत तो होता आणि जमाव खवळलेला असताना तो एकटाच आडवा उभा राहिला. दोन वर्षांनी तीस हुकूमशहांनी त्याला एका निरपराध माणसाला पकडून आणायला सांगितले तेव्हा तो सरळ घरी निघून गेला. आणि इ. स. पूर्व 399 मध्ये त्यालाच मृत्युदंड झाल्यावर तुरुंगातून पळून जाण्याची सोय झाली असताना त्याने ती नाकारली. अन्यायाचा हुकूम मानायचा नाही आणि कायद्यापासून पळायचेही नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. हे सूत्र आपल्याकडे कसे आले हे बेळगावकरांनी विसरू नये. 1908 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधींनी प्लेटोने लिहिलेले सॉक्रेटिसचे बचावाचे भाषण गुजरातीत उतरवले, एका सत्यवीराची कथा म्हणून. 1910 मध्ये मुंबई सरकारने 'हिंद स्वराज'बरोबर त्या पुस्तिकेवरही बंदी घातली. तेच गांधी डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आयुष्यात एकदाच, आणि तेही बेळगावात. सत्याग्रहाच्या मुळाशी असलेला ग्रीक माणूस सत्तेला सोयीचा असता, तर त्याच्यावरची पुस्तिका सरकारने जप्त केली नसती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. साऱ्या शिस्तीचा उपदेश दुबळ्यालाच का? मराठी भाषकाने नगराचे काम करावे, शाळा सांभाळावी, संयम ठेवावा. आणि सरकारने काय करावे? प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेचे कलम 350 अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगते. ज्या तालुक्यात किंवा पालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्य किमान 15 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हा दंडक 1956 पासूनचा आहे. तो पाळला जावा म्हणून मराठी भाषकांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागतात. याउलट 2024 मध्ये फलकांवर 60 टक्के जागा कन्नडला देण्याची सक्ती कायद्याने आली. 1 नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषक पाळतात त्या काळ्या दिनाच्या मूक फेरीला परवानगी मिळेल की नाही याची धाकधूक, हे चित्र दरवर्षीचे आहे. बलवानाचे हित म्हणजेच न्याय, असे प्लेटोच्या संवादात थ्रॅसिमॅकस म्हणतो. त्याला अनुयायी मिळायला कधीच अडचण पडली नाही. पण अथेन्सने तो धडा गिरवला त्याचे काय झाले, हेही ग्रीकांनीच लिहून ठेवले आहे. इ. स. पूर्व 416 मध्ये मेलॉस बेटाच्या लोकांनी न्यायाची भाषा केली तेव्हा अथेन्सच्या दूतांनी त्यांना बळाचे गणित ऐकवले आणि मग बेट उद्ध्वस्त केले. बारा वर्षांत अथेन्स स्वतः शरण गेले. अडचणीच्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहायला फारसे कोणी उरले नव्हते. कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौध उभारले आणि 2014 मध्ये शहराचे नाव बदलले. यातून मालकी सिद्ध होते असे मानले तरी आपलेपणा सिद्ध होत नाही. मराठीतले एक परिपत्रक वेळेवर निघाले, एका मराठी शाळेला शिक्षक मिळाला, तर कर्नाटकाचा दावा कमजोर होत नाही, उलट भक्कम होतो. हे बंगळूरला कळायला हवे होते. आणि कायद्याची ही कलमे रोज, कार्यालयागणिक, अर्जागणिक वापरणे हे काम मात्र पुन्हा आपल्या रकान्यात येते. मोर्चाला हजार माणसे जमतात. 15 टक्क्यांच्या नियमाखाली अर्ज करून, नकाराची प्रत घेऊन, भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांपर्यंत पाठपुरावा करणारी दहा माणसे जमत नाहीत.

तिसरा आक्षेप घरचा आहे: गीता असताना, तुकोबा असताना ग्रीसला जायचे कशाला? कर्माचा अधिकार आणि फळाची आस यांतला फरक आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक आहे हे खरे, पण तो आपण बहुधा मोक्षाच्या किंवा मनाच्या प्रांतात वापरला. पालिकेच्या सभेत, मतदान केंद्रावर, न्यायालयाच्या पायरीवर क्वचितच. ग्रीकांचा विचार सभेत, न्यायालयात आणि बाजारात वाढला, म्हणून नागरिकाच्या कामाशी त्याची सांगड सहज बसते. मकरंद साठे यांनी 'सूर्य पाहिलेला माणूस' लिहिले आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यातला सॉक्रेटिस उभा केला तेव्हा मराठी प्रेक्षकाला तो परका वाटला नाही, याचे कारणही हेच. याचा अर्थ ग्रीकांना देव्हाऱ्यात बसवावे असा नाही. त्यांच्या लोकशाहीत बायकांना मत नव्हते, गुलामांना तर माणूसपणही नव्हते, आणि खुद्द ॲरिस्टॉटलने काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे लिहून ठेवले. चार शतकांनी एका गुलामाने शिक्षक होऊन ते म्हणणे निकालात काढले. आपण विचार कोणाकडून घेतो यापेक्षा तो कोणत्या कसोटीला लावतो हे महत्त्वाचे, आणि निपाणीच्या वखारीतल्या बाईला लागू न पडणारे नागरिकत्व आपल्याही कामाचे नाही.

मग करायचे काय? दावा लढवत राहावा, पुरावे गोळा करावेत, चांगले वकील लावण्यासाठी महाराष्ट्र सरकारच्या मागे लागावे. हुतात्म्यांना विसरू नये आणि 1 नोव्हेंबरला शांतपणे निषेध करावा. हे सगळे लोकेच्छेचे प्रकटीकरण आहे आणि ते सोडण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या जोडीला समितीने महापालिकेच्या, तालुका पंचायतीच्या प्रत्येक विषयावर अभ्यास करून भूमिका मांडावी, कन्नड भाषक नगरसेवकांबरोबर पाण्यावर आणि कचऱ्यावर मतैक्य करावे आणि ते केल्याबद्दल कोणाची निष्ठा तपासू नये. मराठी शाळा भावनेच्या जोरावर तगणार नाही. ती गुणवत्तेत पुढे असेल तरच पालक तिच्याकडे येतील, आणि ते घडवणे शिक्षक, माजी विद्यार्थी व ग्रामस्थ यांच्या हातात आहे. मुलांनी उत्तम कन्नड शिकावे. त्याने दावा हरत नाही, नोकरी मिळते आणि शेजारी कळतो. उद्या निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला, तर ज्यांनी आपले गाव चालवायला शिकून ठेवले आहे तेच त्या गावाचा नव्या राज्यात आब राखतील. विरुद्ध लागला, तरी चाललेली शाळा, मिळालेला हक्क आणि जोडलेला शेजारी कोणते न्यायालय काढून घेणार नाही. दोन्ही शक्यतांत उपयोगी पडणारे काम सोडून एकाच शक्यतेवर पिढ्या खर्ची घालणे हा बाणेदारपणा आहे असे आपण फार दिवस समजत आलो. तो समज बदलणे मात्र आजपासून, आणि कोणाच्याही परवानगीशिवाय, आपल्या स्वाधीन आहे.